क्लबचा लेजंड कोण ठरवतो आणि कशावरून?

मधली फळी (धागाकर्ता)

क्लबचा लेजंड कोणाला म्हणावे, यावर सामन्यांच्या धाग्यांमध्ये अधूनमधून वाद सुरू होतो आणि दोन-चार प्रतिसादांनंतर त्या दिवशीच्या निकालाच्या चर्चेत विरून जातो, म्हणून या विषयासाठी हा स्वतंत्र धागा काढत आहे. येथे मला महान खेळाडू अभिप्रेत नाही. ब्राझीलचा रोनाल्डो बार्सिलोना आणि रेआल माद्रिद, तसेच इंटर आणि मिलान अशा एकमेकांच्या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबांकडून खेळला. त्याच्या महानतेविषयी दुमत नाही, पण या चारपैकी कोणत्याही क्लबचे समर्थक ‘आमचा माणूस’ म्हणून पहिले नाव त्याचे घेत नाहीत. मला त्या पहिल्या नावाविषयी बोलायचे आहे.

माझे मत असे की करंडकांची संख्या, गोलांची संख्या आणि हंगामांची संख्या या तिन्ही गोष्टी दुय्यम आहेत. क्लबवर वाईट वेळ आलेली असताना, आणि अधिक चांगला मार्ग समोर खुला असताना, खेळाडू काय करतो यावर समर्थकांचा निवाडा ठरतो. २००६ च्या उन्हाळ्यात पंचांच्या नेमणुकांमधील ढवळाढवळीच्या प्रकरणात युव्हेंटसला सेरी बीमध्ये, म्हणजे इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत, उतरवण्यात आले, वर गुणही कापण्यात आले. ९ जुलैला बर्लिनमध्ये इटलीने विश्वचषक जिंकला होता आणि त्या संघात युव्हेंटसचे पाच खेळाडू होते. त्यांपैकी कर्णधार कॅनावारो रेआल माद्रिदला गेला, झांब्रोता बार्सिलोनाला गेला. विश्वविजेत्यांखेरीज इब्राहिमोविच आणि व्हिएरा यांनी इंटरची वाट धरली. बुफॉन, देल पिएरो आणि कामोरानेझी मात्र थांबले, आणि त्यांच्यासोबत नेदवेद आणि त्रेझेगे हेही थांबले. विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला बरोबर दोन महिने होत असताना, ९ सप्टेंबरला, रिमिनीच्या छोट्याशा मैदानावर युव्हेंटसचा सेरी बीमधील पहिला सामना झाला आणि तो १-१ असा बरोबरीत सुटला. त्या हंगामात देल पिएरोने २० गोल केले आणि सेरी बीमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला.

देल पिएरोने युव्हेंटसबरोबर १९९६ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली होती, साखळीची (म्हणजे देशांतर्गत लीगची) विजेतेपदेही मिळवली होती. तरीही त्याच्याविषयी बोलताना समर्थकांचा आवाज ज्या एका हंगामाने बदलतो, तो सेरी बीचा हंगाम आहे. जे गेले त्यांना मी दोष देत नाही. खेळाडूची कारकीर्द तोकडी असते आणि सर्वोच्च पातळीवरचे एक वर्ष वाया घालवणे ही लहान गोष्ट नव्हे. नेमक्या त्याच कारणामुळे जे थांबले त्यांच्या थांबण्याला मोल आहे. आपणा सर्वांची मते, विशेषतः याविरुद्ध जाणारी उदाहरणे, वाचायला आवडतील.

जुना प्रेक्षक

धागा उत्तम आहे. मात्र आपण मांडलेला निकष खेळाडूला निवडीचे स्वातंत्र्य असेल तरच लागू होतो, आणि फुटबॉलच्या इतिहासाचा मोठा भाग असा आहे की ज्यात ते स्वातंत्र्य नव्हतेच.

इंग्लंडमधील प्रेस्टन नॉर्थ एंडचा टॉम फिनी घ्या. १९४६ ते १९६० या काळात तो याच एका क्लबकडून साखळीत खेळला आणि फुटबॉलच्या जोडीने त्याचा नळजोडणीचा व्यवसायही चालू होता, कारण त्या काळी इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या वेतनावर कमाल मर्यादा होती. १९६१ मध्ये ती उठवली गेली तेव्हा ती आठवड्याला अवघी २० पौंड होती. १९५२ मध्ये सिसिलीतील पालेर्मो क्लबने त्याला केवळ करारावर सही करण्यासाठी दहा हजार पौंड देऊ केले. प्रेस्टनच्या अध्यक्षांनी नकार दिला आणि विषय तेथेच संपला. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्याच ताब्यात राहत असे आणि क्लबने सोडल्याशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात १९६३ मध्ये न्यायालयाने ही पद्धत अन्याय्य ठरवली, आणि करार संपल्यावर युरोपात मोकळेपणाने क्लब बदलण्याचा हक्क तर थेट डिसेंबर १९९५ च्या बोस्मन निकालाने मिळाला.

म्हणजे फिनी राहिला यात निष्ठा किती आणि बंधन किती, हे सांगता येणार नाही. तरीही प्रेस्टनमध्ये त्याच्याइतका मान दुसऱ्या कोणालाही नाही आणि मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे. त्याने ना साखळी जिंकली ना एफए चषक ही इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा. १९५३ मध्ये गुण समान असताना आर्सेनलपेक्षा किंचित कमी पडलेल्या गोल-सरासरीने (केलेले गोल भागिले खाल्लेले गोल) विजेतेपद हुकले, १९५४ चा अंतिम सामना वेस्ट ब्रॉमविचने ३-२ असा जिंकला. तो १९६० मध्ये निवृत्त झाला, पुढच्याच हंगामात प्रेस्टनची पहिल्या श्रेणीतून घसरण झाली आणि तो क्लब आजतागायत तेथे परतलेला नाही. मला वाटते, फिनीचा मान या रिकाम्या जागेतून आला आहे. तो असताना क्लब काय होता आणि तो गेल्यावर काय राहिला, हे प्रेस्टनच्या तीन पिढ्यांनी पाहिले.

डावखुरा

मूळ मुद्द्याशी मी बहुतांशी सहमत आहे, पण ‘वाईट वेळ’ हा शब्दप्रयोग मला अपुरा वाटतो. कित्येक क्लबांची वेळ कधी फार चांगली नसतेच, आणि तेथे राहणे ही एका हंगामाची नव्हे, संपूर्ण कारकिर्दीची निवड असते.

साउथॅम्प्टनचा मॅट ल टिसिए हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. १९८६ ते २००२ या काळात त्याने क्लबसाठी २०९ गोल केले आणि क्लबसाठी घेतलेल्या ४८ पेनल्टींपैकी ४७ गोलात रूपांतरित केल्या. त्याच्या काळात साउथॅम्प्टन अनेक हंगाम घसरणीच्या उंबरठ्यावर होता, आणि मोठे क्लब विचारणा करत असताना तो तेथेच राहिला. १९ मे २००१ रोजी ‘द डेल’ या जुन्या मैदानावरचा साखळीतील शेवटचा सामना आर्सेनलविरुद्ध होता. दुखापतींनी बेजार झालेला ल टिसिए त्या हंगामात फारसा खेळलाच नव्हता आणि त्या दिवशीही बदली खेळाडू म्हणून उशिरा उतरला. ८९ व्या मिनिटाला चेंडू पेनल्टी क्षेत्रात त्याच्यापाशी उडत आला. त्याने गोलपोस्टकडे पाठ असतानाच वळून डाव्या पायाने तो वरच्या कोपऱ्यात मारला आणि साउथॅम्प्टनने सामना ३-२ असा जिंकला. साखळीच्या सामन्यात त्या मैदानावर झालेला तो अखेरचा गोल होता. हा गोल दुसऱ्या कोणी केला असता तर सामना तितकाच जिंकला असता, पण प्रेक्षकांना तो आपल्याच आयुष्याचा हिशेब पूर्ण झाल्यासारखा वाटला नसता.

अ‍ॅलन शिअररही याच रांगेतला. १९९६ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा पर्याय असताना तो न्यूकॅसलला, आपल्या गावच्या क्लबला, आला. २०६ गोल केले आणि एकही करंडक न जिंकता थांबला. करंडक हा निकष असता तर न्यूकॅसलला त्याचा पुतळा उभारण्याचे कारण नव्हते.

गोलपोस्ट

निवडही नको आणि कारकीर्दही नको, असे एक उदाहरण देतो. ८ मे १९९९ रोजी कार्लाइल युनायटेड इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीत शेवटच्या स्थानी होता आणि प्लिमथविरुद्धचा सामना जिंकला नाही तर व्यावसायिक साखळीतूनच बाहेर पडणार होता. १-१ अशी स्थिती असताना इंज्युरी टाइमच्या अगदी अखेरीस कॉर्नर मिळाला. लोनवर आलेला गोलरक्षक जिमी ग्लास आपली जागा सोडून संपूर्ण मैदान ओलांडत पुढे धावला. हेडर प्रतिस्पर्धी गोलरक्षकाने अडवला, सुटलेला चेंडू ग्लासच्या पुढ्यात आला आणि त्याने उजव्या पायाने तो जाळ्यात धाडला. प्रेक्षक मैदानात शिरले, क्लब साखळीत टिकला.

ग्लास कार्लाइलकडून एकूण तीन सामने खेळला. मग तो लेजंड आहे की नाही?

मधली फळी

जुना प्रेक्षक आणि गोलपोस्ट, दोघांचीही उदाहरणे विचारात पाडणारी आहेत.

फिनीविषयी माझे म्हणणे असे की निवड फक्त क्लब बदलण्याचीच असते असे नाही. पालेर्मोला जाता न आल्यावर त्याने पुढची आठ वर्षे ज्या प्रतीचा खेळ केला, ती त्याची निवड होती. मनाविरुद्ध राहिलेला खेळाडू कसा खेळतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे: धावणे कमी होते, मागे परतणे थांबते, किरकोळ दुखापती लांबत जातात. फिनीबाबत अशी तक्रार प्रेस्टनच्या समर्थकांनी कधी केली नाही.

ग्लासला मी नायक म्हणेन, लेजंड म्हणणार नाही. नायक होण्यासाठी एक क्षण पुरतो. लेजंड होण्यासाठी त्या क्षणाआधी आणि नंतर समर्थकांशी काही व्यवहार झालेला असावा लागतो, म्हणजे निराशा झालेली असावी, माफी मिळालेली असावी, पुन्हा विश्वास बसलेला असावा. कार्लाइलमधील लोक त्याचे नाव कृतज्ञतेने घेतात आणि ते योग्यच आहे, पण त्या कृतज्ञतेत त्याच्याविषयीची ओळख फार थोडी आहे.

सातवा क्रमांक

धागाकर्त्याशी येथे मी पूर्णपणे असहमत आहे. काळ आणि व्यवहार हे निकष लावले तर एरिक कॅंटोना बसतच नाही आणि त्याला वगळणारी कोणतीही व्याख्या मला मान्य नाही.

नोव्हेंबर १९९२ ते मे १९९७, एवढाच त्याचा मँचेस्टर युनायटेडमधील काळ. त्यातही २५ जानेवारी १९९५ रोजी सेल्हर्स्ट पार्कवर शिवीगाळ करणाऱ्या प्रेक्षकाला लाथ मारल्याबद्दल त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली आणि तो हंगाम युनायटेडने अवघ्या एका गुणाने ब्लॅकबर्नकडे गमावला. कोणत्याही नियमाने पाहिले तर त्याने क्लबचे नुकसान केले. तरीही १ ऑक्टोबर १९९५ रोजी लिव्हरपूलविरुद्ध तो परतला, एक गोल करवून दिला, एक पेनल्टीवर केला, आणि त्या हंगामाच्या शेवटी साखळी आणि एफए चषक दोन्ही युनायटेडकडे होते. चषकाच्या अंतिम सामन्यातील एकमेव गोल त्याचाच होता. वयाच्या तिशीत, अजून खेळण्यासारखे बरेच शिल्लक असताना तो निवृत्त झाला.

१९६७ नंतर २६ वर्षे युनायटेडला साखळी जिंकता आली नव्हती. इतकी वर्षे दबलेल्या क्लबला ताठ मानेने मैदानात कसे उतरायचे, हे त्याने कॉलर उभी ठेवून दाखवले. समर्थक स्वतःला जसे पाहू इच्छितात तसा तो होता. नापोलीत दिएगो मॅराडोनाने हेच केले: उत्तर इटलीच्या श्रीमंत क्लबांकडून हिणवल्या जाणाऱ्या शहराला त्याने १९८७ मध्ये पहिले आणि १९९० मध्ये दुसरे विजेतेपद मिळवून दिले. तो तेथे सातच हंगाम होता आणि जाताना उत्तेजक चाचणीचे प्रकरण होते. आज त्या मैदानाला त्याचेच नाव आहे. निष्ठेच्या तराजूत हे दोघे तोलता येत नाहीत.

बाकावरचा

सातवा क्रमांक यांच्याच क्लबातील दुसरे नाव मी घेतो, कारण कॅंटोनाच्या बरोबर उलटे असे ते आहे. ओले गुन्नार सोल्स्कयारचा २६ मे १९९९ रोजी बार्सिलोनातील चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्नविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये केलेला गोल सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र त्याआधीच्या वर्षीची एक घटना अधिक बोलकी वाटते. एप्रिल १९९८ मध्ये न्यूकॅसलविरुद्ध सामना १-१ असताना रॉब ली मोकळ्या मैदानातून एकटा गोलकडे निघाला होता. सोल्स्कयार त्याच्या मागे जवळजवळ निम्मे मैदान धावला, मिळणारी शिक्षा ठाऊक असूनही त्याला पाडले आणि लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. खेळाडू म्हणून ही कृती समर्थनीय नाही आणि प्रशिक्षकानेही तिला पाठीशी घातले नाही, पण प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

त्याच वर्षी टॉटनहॅमने त्याला विकत घेण्याची तयारी दाखवली आणि युनायटेडनेही होकार दिला होता. तो गेला नाही. दुसरीकडे पहिल्या अकरात हमखास जागा होती, इथे बाक होता; त्याने बाक पत्करला. मला वाटते मोठ्या क्लबात निष्ठेची परीक्षा ही अशी असते, कारण तेथे राहिल्याने करंडक हुकत नाहीत, खेळायला मिळणे हुकते.

जुना प्रेक्षक

समर्थक ठरवतात असे आपण सगळेच गृहीत धरत आहोत, तर कोणते समर्थक, हेही विचारले पाहिजे. २४ मे २००९ रोजी पाओलो माल्दिनीचा सान सिरोवरील शेवटचा सामना होता. १९८५ पासून मिलानच्या पहिल्या संघात, नऊशेहून अधिक सामने, साखळीची सात विजेतेपदे, पाच युरोपीय चषक (चॅम्पियन्स लीग आणि तिचेच जुने रूप), आणि वडील चेझारे हे १९६३ मध्ये मिलानने पहिला युरोपीय चषक जिंकला तेव्हाचे कर्णधार. निष्ठा, काळ, करंडक, वारसा, कोणताही निकष लावा. सामना संपल्यावर तो मैदानाला फेरी मारत असताना कुर्वा सुद या दक्षिणेकडील स्टँडमधील संघटित समर्थकांच्या एका गटाने त्याच्याविरुद्ध शिट्ट्या वाजवल्या आणि कर्णधार एकच, असे सांगत फ्रांको बारेसीचे नाव पुढे केले. ज्यांनी तुला श्रीमंत केले त्यांना तू मान दिला नाहीस, अशा अर्थाचे फलकही तेथे होते. त्या गटांशी माल्दिनीचे जुने मतभेद होते आणि त्यांच्यापुढे तो कधी वाकला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात फ्लॉरेन्समध्ये, प्रतिस्पर्धी क्लबच्या मैदानावर, फिओरेंटिनाच्या प्रेक्षकांनी उभे राहून त्याला निरोप दिला. या दोन दिवसांची तुलना मला अस्वस्थ करते. सर्वांत मोठा आवाज ज्यांचा, त्यांचाच निवाडा क्लबचा निवाडा मानायचा का? माझे उत्तर ठाम नकारार्थी आहे. फलक धरणारे काही शेकडा होते. मैदानातील उरलेले हजारो लोक, आणि दूरचित्रवाणीसमोर बसलेले त्याहून कितीतरी अधिक, त्या दिवशी माल्दिनीचेच होते.

उत्तरेचा स्टँड

आतापर्यंतची सर्व चर्चा मैदानावरच्या कृतीभोवती फिरली, म्हणून केनी डॅल्ग्लिशचे नाव घेणे आवश्यक वाटते. १९७७ मध्ये केव्हिन कीगनच्या जागी तो सेल्टिकमधून लिव्हरपूलला आला आणि खेळाडू म्हणून तीन युरोपीय चषक जिंकले. १५ एप्रिल १९८९ रोजी हिल्सबरो मैदानावर प्रेक्षकांच्या चेंगराचेंगरीची दुर्घटना घडली, जिच्यात पुढे ९७ समर्थकांचा मृत्यू नोंदवला गेला, तेव्हा तो क्लबचा व्यवस्थापक होता. डॅल्ग्लिश पती-पत्नी आणि खेळाडू मृतांच्या कुटुंबांसोबत राहिले. एका दिवशी तर डॅल्ग्लिशने चार अंत्यसंस्कारांना हजेरी लावली. अन्याय दूर व्हावा म्हणून चाललेल्या कुटुंबांच्या लढ्याला त्याने पुढची अनेक वर्षे साथ दिली.

२०१७ मध्ये लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानाच्या एका स्टँडला त्याचे नाव देण्यात आले. गोल आणि करंडक यांसाठीही ते देता आले असते, पण त्या शहरात कोणालाही विचारा, आधी १९८९ चा उल्लेख होईल. खेळाडूला समर्थक आपला म्हणतात. येथे खेळाडूने समर्थकांना आपले म्हटले.

डावखुरा

उत्तरेचा स्टँड, आपल्याच क्लबच्या स्टीव्हन जेरार्डविषयी आपले मत काय? इस्तंबूलमधील चॅम्पियन्स लीगच्या विजयानंतर सहा आठवड्यांत, जुलै २००५ मध्ये, त्याने चेल्सीला जाण्याच्या दिशेने पाऊल टाकले होते आणि काही समर्थकांनी त्याच्या नावाचे शर्ट जाळले होते.

उत्तरेचा स्टँड

होय, आणि रात्रीतून निर्णय बदलून तो राहिला. पुढच्याच मे महिन्यात वेस्ट हॅमविरुद्धच्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात पायात गोळे आलेले असताना इंज्युरी टाइममध्ये दूरवरून मारलेल्या फटक्याने त्याने ३-३ अशी बरोबरी साधली आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये लिव्हरपूल जिंकला. मोह न झालेल्या माणसापेक्षा मोह होऊन थांबलेला माणूस मला अधिक जवळचा वाटतो. साखळीचे विजेतेपद त्याला कधीच मिळाले नाही आणि चेल्सीत ते मिळाले असते, हे लिव्हरपूलचा प्रत्येक समर्थक जाणतो.

गोलपोस्ट

महिला फुटबॉलचा उल्लेख अजून झाला नाही. वेंडी रेनार २००६ मध्ये ल्योंच्या अकादमीत आली आणि त्या क्लबबरोबर तिने आठ वेळा चॅम्पियन्स लीग जिंकली. तेथे प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण तिने राहून केवळ परंपरा जपली नाही, ती परंपरा तिच्याच पिढीने उभी केली. भारतातील नाव द्यायचे तर १९५४ ते १९६८ या काळात मोहन बागानशिवाय दुसऱ्या क्लबकडून न खेळलेले चुनी गोस्वामी घ्यावे लागतील.

मधली फळी

सातवा क्रमांक यांचा आक्षेप गंभीर आहे, त्यामुळे त्यावर सविस्तर लिहितो. समर्थकांना स्वतःची प्रतिमा खेळाडूत दिसावी लागते, हे मला मान्य आहे. पण ती प्रतिमा टिकते कशावर? २००० च्या एकाच उन्हाळ्यात दोन मोठे खेळाडू आपापले क्लब सोडून गेले. लुइश फिगो बार्सिलोनाचा लाडका होता, संघाचा उपकर्णधार होता. तो थेट रेआल माद्रिदला गेला, आणि नोव्हेंबर २००२ मध्ये बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर कॉर्नर घेताना त्याच्या दिशेने बाटल्यांपासून डुकराच्या मुंडक्यापर्यंत वस्तू फेकल्या गेल्या. हे निंद्यच होते. पण त्या क्लबासाठी त्याने केलेले सर्व काम त्या एका सहीने पुसले गेले, हेही खरे.

त्याच उन्हाळ्यात गाब्रिएल बातिस्तुता फिओरेंटिना सोडून रोमाला गेला, तेही साखळी जिंकण्यासाठी, आणि ती त्याने पहिल्याच हंगामात जिंकली. २६ नोव्हेंबर २००० रोजी रोममध्ये फिओरेंटिनाविरुद्ध सामन्याच्या उत्तरार्धात त्याने दुरून जोरदार व्हॉली मारून एकमेव गोल केला. सहकारी त्याच्यावर झेपावले. त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि त्याने आनंद साजरा केला नाही. फ्लॉरेन्समध्ये त्याचे स्थान आजही ढळलेले नाही. कारण उघड आहे. १९९३ मध्ये फिओरेंटिनाची सेरी बीमध्ये घसरण झाली तेव्हा अर्जेंटिनाचा हा आघाडीपटू कुठेही जाऊ शकला असता. तो राहिला, संघाला वर आणले आणि आणखी सहा हंगाम खेळला. तो गेला तेव्हा त्याचे देणे उरले नव्हते. फिगो गेला तेव्हा बार्सिलोनाच्या समर्थकांना वाटले की आपले येणे बाकी आहे, आणि ते वसूल करायला तो नेमका शत्रूच्या घरी गेला आहे.

कॅंटोनालाही मी याच हिशेबात धरतो. बंदीच्या काळात तो इंग्लंड सोडून जाण्याच्या बेतात होता, युनायटेडचे व्यवस्थापक फर्ग्युसन स्वतः पॅरिसला जाऊन त्याला भेटले आणि तो परतला. युनायटेडच्या समर्थकांनी संपूर्ण देश विरोधात असताना त्याची बाजू घेतली होती. परत येऊन दोन्ही करंडक जिंकून देणे ही त्याची परतफेड होती. मॅराडोनाबाबत मात्र माझ्याकडे उत्तर नाही, आणि नापोलीच्या समर्थकांना ते उत्तर हवे असेल असेही मला वाटत नाही.